जुन्या सीडीतला पोलीस

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी पहाटे, शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणाऱ्या दिनेश या तेवीस वर्षांच्या तरुणाला मागून आलेल्या वाहनाने धडक दिली. त्याचा जागीच मृत्यू झाला. वाहन थांबलं नाही.

दिनेश माझ्या धाकट्या काकांचा एकुलता मुलगा. मी ठाण्यात एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करतो. बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत लागली. ती मी लिहिली नाही, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने लिहिली. मथळ्यात 'अज्ञात वाहन' हे शब्द होते. मी स्वतः अनेक मथळ्यांत ते बसवले आहेत. ते जागेत नेमके बसतात आणि त्यांच्याबद्दल कोणी पत्र पाठवत नाही.

यंदा पुन्हा कापणी सुरू झाली आहे. सुट्टी काढून मी गावी आलो आहे. सकाळी दव असेपर्यंत विळ्याचा आवाज ओला येतो, ऊन चढलं की कोरडा. कापलेल्या भाताचा वास पहिल्या दिवशी हिरवा असतो, काकडीच्या सालीसारखा. दुसऱ्या दिवशी त्यात ऊन शिरतं आणि तिसऱ्या दिवशी तो पेंढ्याचा होतो. बगळे कापणाऱ्या बायांच्या मागे दोन हात अंतर ठेवून चालतात. धसकटातून उडणारे किडे त्यांना हवे असतात. बाया आपसात बोलतात, बगळ्यांकडे कोणी बघत नाही. गेल्या वर्षीही हे सगळं असंच होतं, फक्त महिनाभर उशिरा. तो उशीर का झाला हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमच्याकडे भात दोन तऱ्हेचं. हळवं लवकर तयार होतं, दसऱ्याच्या आसपास कापायला येतं. गरवं उशिरा, दिवाळीच्या पुढे. काकांचं रस्त्यालगतचं खाचर गावात सर्वांत मोठं आणि सपाट आहे. त्यात काका वर्षानुवर्षं हळवं लावत आले. खाचर खोलगट आहे, पाणी धरून ठेवतं, तिथे गरवं चांगलं येईल असं सगळे सांगत. काका लावत नसत, कारण कापणी झाली की ते खाचर भरतीवाल्या पोरांचं मैदान होई. आजूबाजूच्या पाड्यांवरची पोरं आणि दोन-तीन पोरी कुदळीने धसकटं काढत, ढेकळं फोडत, चुन्याच्या फक्कीने गोल आखत. तिथे सोळाशे मीटर धावत. एका कोपऱ्यात गोळाफेक. होळीपर्यंत ते खाचर पोरांच्या ताब्यात असे. तिथे धावून आजवर चार जण पोलिसात लागले. त्यातला एक अजूनही सणाला आला की बांधावर उभा राहून पोरांच्या वेळा सांगतो आणि शिव्या घालतो.

गेल्या वर्षी पेरणीच्या आधी दिनेशच काकांना म्हणाला होता, "यंदा भरती नाय निघत. सगळे तेच सांगतात. गरवं टाका."

"नक्की नाय निघत?" काकांनी विचारलं होतं.

"निघाली तर रस्ता हाय की पळायला."

हे संभाषण मला काकूने सांगितलं. काकांनी त्याबद्दल कधी काही सांगितलेलं नाही. भरतीची जाहिरात गणपतीच्या सुमारास निघाली. तेव्हा खाचरात गरवं गुडघ्याच्या वर होतं.

दिनेश आटगावजवळच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्याने मुरबाडच्या बाजारातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून वापरलेला व्हिडिओ गेमचा संच आणला. ते मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. झाकणाला तडा होता आणि ते रबराच्या पट्टीने बांधलेलं होतं. सोबत एकच सीडी मिळाली, पोलिसांच्या गेमची. परदेशातलं एक मोठं शहर, त्यात गस्तीच्या गाडीतून कुठेही फिरायची मुभा. चोरांचा पाठलाग करायचा, मारामाऱ्या सोडवायच्या, वायरलेसवर आलेल्या ठिकाणी पोचायचं. बोलणं सगळं इंग्रजीत. दिनेशला त्यातलं निम्मं कळायचं. रिमोटची डावी दांडी सैल होती, त्यामुळे गाडी आपोआप डावीकडे ओढली जायची. तो अंगठ्याने सारखा उजवा जोर देत राहायचा.

मी रविवारी गावी गेलो की हे बघत बसायचो. बाहेर अंगणात भात वाळत घातलेलं, कोंबड्या हाकलायला काकूच्या हातात काठी, आत कौलांतून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात टीव्हीवरचं शहर फिकट दिसायचं. त्याचा मित्र सुनील शेजारी बसून सूचना करायचा. सुनील त्याच्याबरोबरच भरतीची तयारी करत होता.

"अरे सिग्नलला काय थांबतोस? तू पोलीस हायस."

"म्हणून थांबतो."

"समोर चोर पळतोय, येड्या."

"पळू दे. पुढच्या सिग्नलला तो पण थांबंल."

"कधी थांबला काय?"

"एकदा थांबला होता."

"त्याची गाडी बंद पडली असंल."

काकू बाहेरून म्हणायची, "चोर धरून झाले असतील तर म्हशीला पाणी दाव. ती पण कवापासून वायरलेस करते."

संचात आधीच्या मालकाने खेळलेला डाव तसाच राहिला होता. दिनेश तोच पुढे खेळायचा. त्या डावातल्या पोलिसाची नोंद वाईट होती. त्याने किती गुन्हेगार पकडले याच्या शेजारी किती निरपराध माणसांना उडवलं याचाही आकडा पडद्यावर यायचा, लाल अक्षरांत.

"याच्या आधीच्या मालकानं लय माणसं उडवल्यात," दिनेश मला म्हणाला होता.

मी म्हटलं, "मग नवीन डाव सुरू कर."

"नाय होत. नवीन चालू केलं का पहिल्याच प्रकरणात अडकतं. सीडीला चरा हाय. म्हणून यालाच सुधारतोय, दादा. आता लोक याला सलाम करायला लागलेत."

त्याने मला दाखवलं. पदपथावरचा एक म्हातारा खरोखरच हात वर करत होता. दिनेशने गाडी हळू केली आणि तो रस्ता ओलांडेपर्यंत थांबला.

ऑक्टोबरात पाऊस लांबला. गरवं भात उभंच होतं. बाकीची खाचरं लहान, एकाखाली एक उतरत गेलेली, त्यांत चिखल. पोरं रस्त्यावर धावत राहिली. दिवाळीच्या तोंडावर हवा बदलली. पहाटे धुकं खाचरांवर कमरेएवढं उभं राहायचं आणि रस्ता त्यातून काळा वर निघालेला दिसायचा. मी दिवाळीला गेलो होतो तेव्हा एका पहाटे बांधावरून त्यांना धावताना पाहिलं. आधी बुटांचा आवाज ऐकू आला. मग पांढरे बनियन. मग तोंडं. सुनील पुढे, दिनेश त्याच्या थोडा मागे. शेवटच्या टप्प्यात तो जोर काढायचा. पिकलेल्या भाताला त्या वेळी गोडसर वास असतो, ओल्या पोत्यासारखा. तो त्या पहाटे रस्त्यापर्यंत आलेला होता. ही मी पाहिलेली त्याची शेवटची धाव. पुढच्या सोमवारच्या पहाटे मी ठाण्यात होतो. त्या दिवसाबद्दल इथे लिहिलेलं सुनीलने आणि काकांनी सांगितलेलं आहे.

सुनील पुढे होता. त्याला आवाज ऐकू आला, तो वळला, आणि एक गाडी त्याच्या अंगाजवळून पुढे गेली. धुकं होतं. गाडी मोठी होती, तिचा एक दिवा लागलेला नव्हता. एवढंच तो सांगू शकला. तेव्हाही आणि नंतरही त्याने त्यात काही वाढवलं नाही.

गावातले लोक धावत आले. एका टेम्पोत दिनेशला घालून शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सुनील आणि भावकीतले दोघं सोबत गेले. काकांना मागे ठेवलं, काकूला सांभाळायला. काकू रस्त्याच्या कडेला बसून होती. उजाडत होतं. मुरबाडच्या बाजूने पहिली एसटी यायची वेळ झाली होती.

काकू म्हणाली, "त्याच्यावरून गाड्या जातील ओ. आधी धुऊन काढा."

आमच्याकडे माणूस जिथे पडला ती जागा तशी ठेवत नाहीत. तिथे कोणाचा पाय पडू देत नाहीत. घरात असेल तर सारवतात, अंगणात असेल तर सडा घालतात. रस्त्यावर काय करायचं हे कोणी ठरवलेलं नाही, पण काकांना विचार करावा लागला नाही. त्यांनी बोअरिंगवरून बादल्या आणल्या. खराट्याने रस्ता धुतला, पाणी कडेच्या चरात लोटलं. पुन्हा धुतला. मग शेण कालवून सडा घातला. एसटी आली तेव्हा त्यांनी हात करून तिला बाजूने जायला लावलं. चालकाने काही न विचारता गाडी पार कडेला घेतली.

हवालदार आले तेव्हा ऊन पडलं होतं.

"रस्ता ओला कसा?" त्यांनी विचारलं.

"मी धुतला," काका म्हणाले.

 हवालदारांनी टोपी काढून बगलेत धरली आणि म्हणाले, "असू द्या." पंचनाम्यात घटनास्थळ धुतलेल्या अवस्थेत आढळल्याची नोंद आहे. मी दुपारी पोचलो तेव्हा रस्ता वाळला होता. सड्याचा हिरवट पट्टा डांबरावर दिसत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टायरांचे ताजे ठसे होते. त्यावरून कोणी गेलं नव्हतं.

तपास झाला. पेट्रोल पंपाचे आणि एका ढाब्याचे कॅमेरे पाहिले गेले. त्या पहाटे गवताचे ट्रक होते, भाजीचे टेम्पो होते, दुधाच्या गाड्या होत्या. कापणीच्या दिवसांत या रस्त्यावर गाड्या नेहमीपेक्षा जास्त असतात. एक दिवा बंद असलेल्या तीन गाड्या सापडल्या. तिन्ही वेगळ्या वेळी गेलेल्या होत्या. हवालदार दर काही दिवसांनी येऊन काकांना सांगून जात. चहा घेत नसत.

गरवं भात सुतकात उभं राहिलं. ते भावकीने कापलं. निम्मं आडवं झालं होतं, दाणा गळला होता. त्या खाचरात गेल्या वर्षी मैदान आखलं गेलं नाही.

पौषात एका दुपारी मी गावी असताना काकांनी सुनीलला बोलावून घेतलं. काका टीव्हीसमोर खाली बसले होते.

"ते चालू कर," ते म्हणाले. "तो काय करायचा ते मला बघू दे. मी कधी नीट बघितलं नाय."

सुनीलने संच जोडला. दिनेशचा डाव पडद्यावर आला आणि त्याने हात मागे घेतला.

"याला हात नको, काका. तो जिथं थांबला तिथंच राहू दे. मी नवीन चालू करतो."

नवीन डाव पहिल्या प्रकरणात अडकला. दिनेशने सांगितलं होतं तसंच. सुनीलने सीडी काढली, आत जाऊन टूथपेस्ट आणली, चऱ्यावर बोटाने चोळली, बनियनच्या टोकाने पुसली. गावात सगळे असंच करतात, बहुतेक वेळा उपयोग होत नाही. त्या दिवशी झाला.

पहिलं प्रकरण म्हणजे नव्या पोलिसाचं शिक्षण होतं. दिनेशने ते कधीच पाहिलं नव्हतं. पडद्यावर एक रस्ता आला. रस्त्यात कोणीतरी पडलेलं, अंगावर पांढरी चादर. भोवती चार खांबांना पिवळी पट्टी बांधलेली. डांबरावर काचेचे तुकडे विखुरलेले होते आणि प्रत्येक तुकड्याजवळ आकडा लिहिलेली छोटी पाटी ठेवली होती. सुनीलने आपला पोलीस पट्टीच्या आत न्यायला सुरुवात केली तेव्हा एका वयस्कर अधिकाऱ्याने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला अडवलं आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणतो तो?" काकांनी विचारलं.

सुनील माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तुमी सांगा."

मी सांगितलं. "म्हणतो, आत पाय टाकू नकोस. जे जिथं पडलंय ते तिथंच राहू दे. हे तुकडे आपल्याला गाडी कोणती ते सांगतील."

अधिकारी खाली वाकला. चिमट्याने एक तुकडा उचलला, उजेडात धरला. पडद्यावर गाडीचं चित्र आलं. तिचा रंग आला, मॉडेल आलं. नकाशावर एक लाल ठिपका चालू लागला.

 काका म्हणाले, "काचा होत्या. खराट्यात आवाज आला होता."

आतून काकूने विचारलं, "काय झालं ओ?"

"काय नाय," काका म्हणाले. "बंद कर रे."

सुनीलने बंद केलं. त्यानंतर तो संच लावलेला मी पाहिला नाही. दिनेशचा डाव त्यात आहे तसाच आहे असं सुनील सांगतो. तो बघायला मात्र त्यानेही उघडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काका रस्त्याकडेच्या चरात उतरले. भात चाळायची चाळण घेऊन. चरातला गाळ सुकला होता, तो कुदळीने फोडून, चाळणीत घालून हलवत होते. गाड्या वरून जात होत्या. त्या बाजूच्या झाडाला तेव्हा शेंगा लागल्या होत्या आणि त्या उन्हात तडकत होत्या. प्रत्येक तडतडीला काका वर बघत. दोन दिवसांनी त्यांना नखाएवढा नारिंगी प्लॅस्टिकचा तुकडा मिळाला. त्यांनी तो नळाखाली धरून स्वच्छ धुतला, हातरुमालात बांधला आणि मला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात गेले.

हवालदारांनी तुकडा हातात घेतला नाही. रुमालावरच फिरवून पाहिला.

"इंडिकेटरचा असंल," ते म्हणाले. "कुठं मिळाला?"

"चरात."

"किती खोल? कसा होता? कोणी बघितलं काढताना?"

काकांनी रुमालाची कड सरळ केली.

"आणि धुऊन आणलात तुमी."

"चिखल होता," काका म्हणाले.

हवालदारांनी तुकडा पाकिटात घातला, पाकीट बंद केलं. मग उठून काकांना दारापर्यंत सोडायला आले. "या रस्त्यावर रोज कोणाचा ना कोणाचा इंडिकेटर फुटतो, काका. हा त्याच गाडीचा, असं मी कसं लिहू? परत काय दिसलं तर हात लावू नका. जागेवर ठेवा. मला फोन करा, मी येतो."

परत येताना काका पूर्ण वाट खिडकीतून चराकडे बघत होते.

उन्हाळ्यात तपासाचा अहवाल झाला. गुन्हा खरा आहे, वाहन आणि चालक मिळून आले नाहीत. नवीन काही पुरावा मिळाल्यास तपास पुन्हा सुरू करता येईल, असंही त्यात आहे. काकांनी ते शेवटचं वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

यंदा त्यांनी खाचरात हळवं लावलं. कोणी काही सुचवलं नव्हतं. नांगरणीच्या वेळी ते नांगरामागे वाकून चालत होते, लावणीच्या वेळी बायांना सांगत होते, पायाला काय लागलं तर आवाज द्या. बाया हसायच्या. काटा लागला तरी आवाज द्यायच्या. काका प्रत्येक वेळी येऊन बघायचे.

भात चांगलं आलं. गेला आठवडा ऊन खणखणीत पडलं, कणसं वाकली. काल कापणी सुरू झाली. सुनील आणि इतर पोरं बांधावर चुन्याची पोती आणून बसली आहेत. यंदाची भरती निघाली आहे. सुनील गेल्या वेळी लेखीत मागे पडला, आता पुन्हा धावणार आहे.

आज सकाळी चराच्या बाजूच्या कोपऱ्यात कापणाऱ्या एका बाईचा विळा कशावर तरी लागला. तिने आवाज दिला. काका गेले, वाकले, आणि तिला मागे व्हायला सांगितलं. मीही गेलो. भाताच्या दोन चुडांच्या मधे काळ्या प्लॅस्टिकची कड मातीतून वर आलेली आहे, साधारण चार बोटं. बाकीचं मातीत आहे. आत केवढं आहे, त्यावर काही आहे का, हे अजून कोणाला माहीत नाही. ते कळायचं तर उपटावं लागेल.

बाईने हात पुढे केला होता. काका म्हणाले, "राहू दे गो. हात नको."

त्यांनी बांधावरच्या निरगुडीच्या चार काठ्या तोडल्या आणि भोवती रोवल्या. काठ्यांना पेंढ्याची दोरी वळून बांधली. मग हवालदारांना फोन लावला. फोन त्यांनी दोन हातांनी धरला होता.

सुनील बांधावरून म्हणाला, "काका, फक्की कशी मारायची? ते मधेच येतंय."

"वळसा घाला."

"सोळाशेचं माप चुकंल."

"मग पहिल्या फेरीला थोडं जास्त पळा. मरत नाय तुमी."

हे बोलून झाल्यावर काका थांबले. सुनीलही थांबला. मग सुनीलने पोतं उचललं आणि दुसऱ्या टोकाकडून चुना टाकायला सुरुवात केली.

हवालदार शहापूरहून निघाले आहेत. काका काठ्यांजवळ उभे आहेत. दोरीच्या आतलं भात सोडून खाचर कापून झालं आहे.